गिऱ्हाईकांची यादी आणि ई-मेल सेवेची निवड



महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये, सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. मानांकनामुळे मालाचे नाव झाले. परंतु पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाईकाने एकदा नेलेली हळद पुढच्या वर्षी पुन्हा आपल्याकडूनच घ्यावी, एवढे काम मानांकन करीत नाही. त्यासाठी गिऱ्हाईकाचा पत्ता आपल्यापाशी असावा लागतो आणि वेळेवर निरोप जावा लागतो. निरोपाचे साधन कसे निवडावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम आपला माल पाहावा. स्ट्रॉबेरी नाशवंत आहे. तोडणीचा निरोप त्याच दिवशी वाचला गेला पाहिजे. त्यामुळे तेथे ई-मेलपेक्षा फोनवरचा संदेश बरा. मात्र व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट यादीतून गेलेला संदेश, ज्यांनी आपला क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो. एसएमएसने जाहिरात करायची तर ‘ट्राय’च्या २०१८ च्या नियमांनुसार आधी नोंदणी करावी लागते. शिवाय एका एसएमएसमध्ये इंग्रजीची १६० अक्षरे मावतात, देवनागरीची ७० च. त्यात काना-मात्राही मोजल्या जातात.

हळद पूड व बेदाणा टिकाऊ आहेत. गिऱ्हाईक ते वर्षातून दोन-चार वेळा घेते. नवी हळद आली, दिवाळीसाठी बेदाणा तयार आहे, असे सविस्तर कळविण्यास ई-मेल स्वस्त व सोयीचा आहे. साध्या जीमेल खात्यावरून दिवसाला ५०० जणांपर्यंतच पत्र पाठविता येते. यादी वाढली की मेलचिंप, ब्रेव्हो, झोहो कॅम्पेन्स यांसारखी सेवा घ्यावी लागते. ती निवडताना पुढील गोष्टी तपासाव्यात.

१) आकारणी : काही सेवा यादीतील पत्त्यांवर दरमहा पैसे घेतात, तर काही पाठविलेल्या पत्रांवर. १,००० पत्ते असून वर्षातून चारच पत्रे पाठवायची असतील, तर एकूण ४,००० पत्रे होतात. अशा वेळी पत्त्यांवरची आकारणी म्हणजे रिकाम्या महिन्यांचेही भाडे. हंगामी मालाला पत्रांवरची आकारणी बहुधा परवडते.

२) यादीची मालकी : संपूर्ण यादी हवी तेव्हा उतरवून घेता येते का, हे पैसे भरण्यापूर्वी करून पाहावे. यादी अडकली तर सेवा बदलता येत नाही.

३) पाठविणाऱ्याचा पत्ता : सेवेमार्फत जीमेलच्या पत्त्याने पाठविलेली पत्रे स्पॅममध्ये पडण्याचा संभव असतो. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने पाठविणाऱ्याच्या ओळखीचे नियम कडक केले आहेत. स्वतःच्या नावाचे डोमेन घेऊन ते सेवेशी जोडावे.

४) नाव कमी करण्याची सोय : प्रत्येक पत्रात ती असावी. नको असलेले पत्र वारंवार आले की लोक ते स्पॅम ठरवितात आणि इतरांना जाणारी पत्रेही अडतात.

विकत मिळणाऱ्या याद्या घेऊ नयेत. प्रदर्शनात किंवा घरी विक्री करताना वहीत नाव, पत्ता, घेतलेला माल आणि ‘पत्र पाठविण्यास संमती’ असे रकाने आखावेत. वैयक्तिक माहितीसंबंधीच्या २०२३ च्या कायद्यातही संमतीला महत्त्व आहे.

बचत गटांनी सुरुवातीस मोफत योजनेवर शंभरेक पत्त्यांना एक मराठी पत्र पाठवून पाहावे. त्यातून किती मागणी आली, हे वहीत मांडावे आणि मगच पैसे भरावेत.