पडल्यावर उठायचे कसे?



म्हाताऱ्या माणसाचा पाय घसरू नये म्हणून आपण न्हाणीतले शेवाळ घासतो, हातात काठी देतो. पण पडलेच, तर उठायचे कसे, हे कोणी शिकवीत नाही.

गेल्या पावसाळ्यात माझी आत्या परसात पडली. हाड मोडले नव्हते. तरी पहाटेपासून दूधवाला येईपर्यंत ती ओल्या जमिनीवर पडून होती. मोबाइल घरात, फडताळावर. “अरे, हाक मारायचीसुद्धा लाज वाटली,” असे ती मागाहून म्हणाली.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. इंग्लंडात केंब्रिज येथे नव्वदी ओलांडलेल्यांची वर्षभर पाहणी झाली. ती २००८ साली प्रसिद्ध झाली. पडलेल्यांपैकी ८० टक्के लोकांना निदान एकदा तरी आपले आपण उठता आले नाही. ३० टक्के लोक तासभर किंवा अधिक वेळ जमिनीवर होते. मदतीची घंटा असूनही पुष्कळांनी ती वाजवली नाही!

असे पडून राहिल्याने अंग गारठते, शरीरातले पाणी कमी होते, दाबाखालची कातडी व स्नायू बिघडतात आणि मूत्रपिंडावर भार येतो.

तेव्हा पडल्यावर घाई करू नये. क्षणभर थांबून कुठे दुखते ते पाहावे. फार दुखत नसेल तर कुशीवर वळावे, कोपरावर रेटून रांगते व्हावे आणि बाजेपर्यंत किंवा भक्कम खुर्चीपर्यंत जावे. तिच्यावर हात टेकावेत, बळकट पाय पुढे घ्यावा, रेटा देऊन उठावे आणि वळून बसावे.

उठता येत नसेल तर ओरडावे, भांडे वाजवावे, मिळेल ते पांघरूण ओढून घ्यावे, मधूनमधून अंग हलवावे. मदतीला येणाऱ्यांनी हात धरून ओढू नये. डोक्याला मार असेल, खुब्यात कळ असेल, पाय आखूड वा बाहेर वळलेला दिसेल, तर उचलूच नये. १०८ वर फोन करावा.

शिक्षकमित्रांनो, पूर्वी जेवण, दळण सारे जमिनीवर चाले. उठण्याची सवय आपोआप राही. आता खुर्ची आली आणि ती सवय सुटली. शनिवारच्या कवायतीत मुलांना हे उठणे शिकवा. मुले घरी आजीआजोबांना दाखवतील; मात्र सराव करताना घरातले मोठे माणूस जवळ हवे.

आत्या आता मोबाइल कमरेच्या पिशवीत ठेवते आणि रोज एकदा, सून जवळ असताना, घोंगडीवरून बाज धरून उठते. हाक मारायची लाज मात्र अजून पुरती गेलेली नाही. ती घालवणे आपल्या, घरच्यांच्या हाती आहे.