घोड्याच्या चिखल्या

(एचएसआर लेआउट येथील पावसाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



ज्या नगराची जहागीर १६३८ च्या विजापुरी स्वारीनंतर शहाजीराजांकडे आली, आणि ज्याच्या तांबड्या मातीवर मराठी पागेच्या टापा पावणेचारशे वर्षांपूर्वीच उमटून गेल्या, त्या बंगळुरात, अगरा तलावाशेजारच्या या वसाहतीत, घोड्याच्या पायांविषयी मराठीतून बोलण्याचे निमंत्रण यावे, यात मला काही विपरीत वाटले नाही.

येथे मृगाचा पाऊस सरतो न सरतो तोच परतीचा उभा राहतो, आणि तबेल्याच्या दारातला चिखल दिवाळीपर्यंत वाळत नाही. भातलावणी करणाऱ्याच्या बोटांच्या बेचक्यांत जशा चिखल्या होतात, तशाच घोड्याला खुराच्या वर, मागच्या घडीत होतात. भिजून मऊ पडलेल्या कातडीला वाळू घासते, चिरा पडतात, आणि रोगाला आयताच शिरकाव मिळतो. पांढऱ्या पायाचा घोडा त्याला आधी बळी पडतो.

‘बुरशी धरली, साहेब,’ असे मोतद्दार सांगतो आणि मालक लगोलग स्वतःच्या नायट्याचे मलम काढतो. गफलत होते ती येथेच. खपली निघताना तिच्याबरोबर केसांचा झुपका रंगाऱ्याच्या कुंचल्यासारखा उपटून आला, खाली पिवळट पू दिसला, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गोल कण आगगाडीच्या रुळांसारखे समांतर ओळींत मांडलेले आढळले, तर तो डर्माटोफिलस नावाचा जिवाणू समजावा. १९१५ साली बेल्जियन काँगोतील गुरांवर त्याचे वर्णन झाले. तंतूंना फाटे फुटत असल्यामुळे विद्वानांनीही त्याला बराच काळ बुरशीच्या दप्तरी नोंदले होते, तेव्हा मोतद्दाराला काय हसायचे! खरे गजकर्ण बहुधा खोगिराखाली नि तंगाखाली गोल चकत्यांनी उठते. त्याला बुरशीनाशक औषध आणि स्वतंत्र खरारा, दोन्ही हवेत. ते माणसालाही लागते.

पायाच्या चिखल्यांना उपाय साधा, पण चिकाटीचा. केस कातरावेत, कोरड्या खपल्या ओरबाडण्यात काही जुनी मंडळी जो पराक्रम मानतात तो सोडून त्या कोमट पाण्याने मऊ करून काढाव्यात, क्लोरहेक्सिडीनचे सौम्य द्रावण लावून दहा मिनिटे थांबावे, मग ते धुऊन, जुन्या धोतराच्या फडक्याने पाय अगदी कोरडा होईपर्यंत टिपावा. हे टिपणे मी तरुणपणी क्षुल्लक मानले, ओल्या पायावर मलमाचा थर थापून पट्टी आवळली, आणि तिसऱ्या दिवशी ती सोडताच सुटलेल्या दुर्गंधीने नि गुडघ्यापर्यंत चढलेल्या सुजेने माझे शिक्षण पुरे केले. सूज, ताप वा लंगडणे दिसले, तर त्याच दिवशी पशुवैद्य बोलवावा.

रोज संध्याकाळी नळीने पाय धुण्याचा रिवाज मात्र कृपा करून बंद करा. चिखल वाळू द्या, मग ब्रशाने झाडा; आणि आज रात्री तबेल्यात गेलात, तर खुरामागच्या त्या घडीत एकदा स्वतःचे बोट फिरवून पाहा.