विषाणूची मोहर



ग्रंथालयातील पुस्तकावर शिक्का उमटतो तेव्हा त्यातील एकही अक्षर बदलत नाही; परंतु ते पुस्तक कोणाचे, हे मात्र ठरून जाते. जीवसृष्टीच्या अतिसूक्ष्म पातळीवरही असाच एक शिक्का आहे. डीएनएच्या विशिष्ट अक्षरांवर एक कार्बन व तीन हायड्रोजन अणूंचा मिथिल गट चढतो. मजकूर तोच राहतो, ओळख बदलते. हा शिक्का मारणाऱ्या विकराला मिथिलट्रान्सफरेज म्हणतात.

जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, थोडक्यात फाज, म्हणतात. फाज कोणत्या जीवाणूत वाढला, यावर पुढच्या जीवाणूत त्याचा निभाव लागणे अवलंबून असते, हे बर्तानी व वायगल यांनी १९५३ मध्ये दाखविले. त्याचे कारण शोधले वर्नर आर्बर आणि डेझी ड्यूस्वा यांनी, जिनिव्हा येथे. त्यांचे निबंध १९६२ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांनी वापरलेल्या ई. कोलाय जीवाणूंपैकी काहींत पी-१ नावाचा फाज निद्रिस्त अवस्थेत वसलेला होता. साध्या ई. कोलायमध्ये वाढलेला लॅम्डा फाज अशा जीवाणूत शिरला, की त्याच्या डीएनएचे तुकडे होत. लाखात एखाददुसराच तगे. तगलेल्याची प्रजा मात्र त्याच जातीच्या जीवाणूंत निर्वेध वाढे. परंतु तीच प्रजा एकदा साध्या ई. कोलायमध्ये वाढली, की हा अधिकार गमावून बसे. मजकुरातला पालट इतक्या सहजी पुसला गेला नसता. अर्थात बदलला होता तो मजकूर नव्हे, शिक्का.

आणि हा शिक्का जीवाणूचा नव्हता. तो पी-१चा होता. कात्री आणि मोहर, दोहोंची जनुके त्या विषाणूनेच आणलेली. घरात शिरलेला पाहुणाच घराचा राखणदार होऊन बसला होता, कारण घर टिकले तरच त्याचा वंश टिकणार.

काही फाज कात्री बाळगीत नाहीत, केवळ मोहर बाळगतात. बॅसिलस सबटिलिस या जीवाणूचा एसपीआर फाज त्यांपैकी एक. त्याचे एकच विकर तीन निरनिराळ्या अक्षरक्रमांवर शिक्का मारते, हे १९८०च्या दशकात बर्लिनमध्ये ट्राउटनर व सहकाऱ्यांनी उलगडले. विकराचा रासायनिक क्रिया करणारा भाग एकच. अक्षरक्रम ओळखणारे भाग मात्र वेगवेगळे. आधीच्या जीवाणूत असतानाच संततीच्या डीएनएवर मोहर उमटते, म्हणून पुढच्या घरची त्या क्रमांची कात्री तिला कापू शकत नाही.

या कात्र्यांच्या शोधातूनच जनुक-अभियांत्रिकी उभी राहिली. १९७८चे नोबेल पारितोषिक आर्बर, नेथन्स व स्मिथ यांना मिळाले. ड्यूस्वा यांचे नाव त्यात नव्हते. डीएनएवरील मोहर ओळखणाऱ्या विदुषीचीच मोहर त्या सन्मानपत्रावर उमटली नाही. ती जपणे, हे आता ग्रंथांचे आणि ग्रंथालयांचे काम आहे.