नरक्या आणि वनस्पतींची संप्रेरके



सह्याद्रीच्या अरण्यात नरक्या नावाचे एक लहानसर झाड वाढते. त्याच्या फुलांना दुर्गंध येतो. नावाचे मूळ बहुधा त्यातच असावे. १९६६ साली अमेरिकेत मन्रो वॉल आणि नंदुरबारात जन्मलेले मनसुख वाणी यांनी एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य वेगळे केले. पुढे १९७२ मध्ये गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातील गोविंदाचारी व विश्वनाथन यांना तेच द्रव्य नरक्यात आढळले. त्यापासून सिद्ध केलेली औषधे आतड्याच्या आणि बीजकोशाच्या कर्करोगावर दिली जातात. एका रुग्णाचा आधार असलेले हे द्रव्य झाडाच्या मुळावर उठले. नरक्याची बेसुमार तोड झाली. कोणत्या झाडात ते अधिक असते, याचा शोध आपल्याच बंगळूरच्या कृषी विज्ञान विद्यापीठातील संशोधकांनी पश्चिम घाटात घेतला.

झाड न तोडता काचपात्रात पेशी वाढवाव्यात, हा विचार साहजिकच पुढे आला. अशा पेशींची वाढ संप्रेरकांच्या हाती असते. ऑक्सिन अधिक असल्यास मुळे फुटतात, सायटोकायनिन अधिक असल्यास कोंब, आणि दोहोंचा तोल साधल्यास नुसता पेशींचा गोळा वाढत राहतो, हे स्कूग व मिलर यांनी तंबाखूच्या ऊतींवर १९५७ मध्ये दाखविले. परंतु झपाट्याने वाढणारा गोळा औषधी द्रव्याच्या बाबतीत बहुधा कृपणच ठरतो. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या ऊती वाढविल्या गेल्या, तेव्हा त्यांत कॅम्प्टोथेसिन मिळाले खरे, पण वृक्षाच्या मानाने अगदीच थोडे. यात नवल नाही: असली द्रव्ये बहुतांशी झाडाच्या संरक्षणासाठी असतात, आणि काचपात्रातील लाडावलेल्या पेशीला शत्रू कोण?

ही अडचण टॅक्सॉलच्या बाबतीत पुष्कळशी सुटली. तेही वॉल आणि वाणी यांचेच संशोधन, १९७१ सालचे. तेथेही सालीपायी वृक्षांचा बळी जात होता. कीड लागली वा जखम झाली की वनस्पतीत जॅस्मोनेट वर्गातील संप्रेरके वाढतात. त्यांपैकी मिथाइल जॅस्मोनेट चमेलीच्या सुगंधी तेलातही असते. जपानी संशोधकांनी ते टॅक्सस वृक्षाच्या पेशींना दिले, तेव्हा टॅक्सॉलचे उत्पादन कित्येक पटींनी वाढल्याचे १९९६ मध्ये प्रसिद्ध झाले. किडीवाचूनच पेशींना किडीची चाहूल दिली गेली होती. पुढे पेशीसंवर्धनाने टॅक्सॉल कारखान्यांतील टाक्यांत तयार होऊ लागले. नरक्याच्या पेशी मात्र इतक्या सहजी वश झालेल्या नाहीत.