पाणी घालण्याची तीन वर्षे

जपानी बोन्सायकारांत एक म्हण आहे : नुसते पाणी घालणे शिकायला ३ वर्षे लागतात. रायन नील या अमेरिकन तरुणाने टोकियोजवळच्या सायतामा प्रांतात मासाहिको किमुरा यांच्याकडे ६ वर्षे शिष्यत्व केले. परक्या मुलखात भाषा अपुरी पडते. त्यातून अशा बागेत गुरू फारसे सांगत नाहीत, करीत राहतात. शिष्याने पाहायचे. सकाळी ओली दिसणारी उथळ कुंडीतली माती दुपारी कोरडी पडते आणि शेजारच्या दोन कुंड्यांचीही तहान सारखी नसते. सरसकट पाणी घालावे, तर मुळे कुजतात. आणि ते झाड शिष्याच्या आजोबांहूनही वयस्क असू शकते! हे दडपण परकेपणाच्या दडपणाहून मोठे.

२०१० मध्ये अमेरिकेत परतून ओरेगॉनमध्ये स्थायिक झाल्यावर नीलने जपानी झाडांची नक्कल करीत बसण्याऐवजी रॉकी पर्वतातील जुनिपर, पाँडेरोसा पाइन अशी आपल्याच भूमीतली झाडे कुंडीत घडवली. बागेला नाव मात्र जपानी दिले : मिराई, म्हणजे भविष्यकाळ.