तण एका हत्याराने मरत नाही

(नळदुर्ग, जि. धाराशिव येथील जिल्हा बैठकीत केलेले भाषण)



बैठकीत भावाचं बोलणं होतं, विजेचं होतं, विम्याचं होतं. तणाचं होत नाही. तण म्हणजे बायकांचं काम, खुरप्याचं काम, त्यात बैठकीत काय बोलायचं, असं आपल्याला वाटतं. पण ज्याने विहिरीच्या, बोअरच्या किंवा बोरी धरणाच्या पाण्यावर एकरभर कांदा, टोमॅटो, मिरची लावली आहे, त्याने आपली वही काढून बघावी. बियाण्याला किती गेले, खताला किती गेले, आणि खुरपणीला किती गेले? बहुतेकांच्या वहीत खुरपणीचा आकडा नसतोच. बाहेरच्या बायांची मजुरी लिहिलेली असते, घरच्या बाईचे दिवस लिहिलेले नसतात. जो खर्च लिहिला जात नाही, तो कमी कसा करायचा हेही सुचत नाही. म्हणून हा विषय आम्ही मुद्दाम मागून घेतला.

आपण कापूस आणि ज्वारीची माणसं. या दोन पिकांत तणाशी कसं लढायचं ते आपल्या हाताला ठाऊक आहे. कापसाच्या ओळी लांब, त्यात उभं-आडवं कोळपं चालतं. ज्वारी वाढली की सावली धरते, खालचं तण आपोआप दबतं. भाजीपाल्यात हे दोन्ही नाही. कांद्याची दोन रोपं चार बोटांवर, त्यात बैलाचं कोळपं घालायचं कुठून? कांद्याची पात नळीसारखी सरळ उभी, ती जमिनीवर सावली पाडत नाही. मुळं वरच्या वितीत. माठ, घोळ, केना, शिप्पी त्याच वितीतलं पाणी आणि खत पिऊन घेतात. लागवडीपासून पहिले सहा-आठ आठवडे कांदा स्वच्छ राहिला पाहिजे. फोकून किंवा पेरून केलेल्या कांद्याला तर त्याहून जास्त दिवस जपावं लागतं. टोमॅटोला पहिला महिना-दीड महिना, मिरचीला दोन महिने. या दिवसांत चुकलेली खुरपणी पुढे कितीही केली तरी ती वरातीमागून घोडं.

आणि नेमक्या याच दिवसांत बाया मिळत नाहीत. कारण शेजाऱ्याचीही खुरपणी तेव्हाच असते. मग काय होतं? कोणी दुकानात जातो आणि म्हणतो, ‘तणाचं औषध द्या.’ दुकानदार देतो. तण लव्हाळ्याचं, औषध बियांच्या तणाचं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला.

एकच औषध, एकच उपाय का चालत नाही

तण हे एका जातीचं नसतं. माठ, घोळ, केना, गाजरगवत हे बियांवर जगतात. हरळी, कुंदा आणि लव्हाळा जमिनीखालच्या मुळ्यांवर, कांड्यांवर आणि गाठींवर जगतात. पेंडीमिथॅलीनसारखं तणनाशक उगवणारं बी मारतं. उगवून वर आलेल्या तणाला आणि लव्हाळ्याच्या गाठीला त्याचं काही वाटत नाही. उलट इतर तण मेलं की लव्हाळ्याला रान मोकळं मिळतं. रोटाव्हेटरचं तसंच. तो माठाचा चुरा करतो, पण हरळीचे तुकडे करून रानभर पेरतो, आणि तुकड्यातुकड्याला कोंब येतो. चांदीच्या रंगाचा प्लास्टिक मल्चिंग पेपर टोमॅटो-मिरचीत बियांचं तण छान दाबतो, पण लव्हाळ्याचा कोंब सुईसारखा तो पेपर भोसकून वर येतो. म्हणजे प्रत्येक उपाय काही तण मारतो आणि काही तणाला पोसतो.

बाहेरची दोन उदाहरणं सांगतो. पंजाब-हरियाणात गव्हात गुल्लीडंडा नावाचं तण आहे. त्यावर आयसोप्रोट्युरॉन हे एकच तणनाशक वर्षानुवर्षे मारलं गेलं. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच ते तण त्या औषधाला दाद देईनासं झालं आणि कित्येकांना गहू हिरवा असतानाच जनावरांसाठी कापावा लागला. दुसरं अमेरिकेचं. तिथं कापसाचं बियाणंच असं आलं की वरून ग्लायफोसेट मारलं तरी पिकाला इजा नाही. शेतकऱ्यांनी बाकी सगळं सोडून त्या एकाच औषधावर भिस्त ठेवली. २००५ च्या सुमारास जॉर्जिया राज्यात आपल्या माठाच्याच कुळातलं एक तण त्या औषधाला पुरून उरलं, आणि यंत्राच्या त्या देशात कापसाच्या रानात मजूर लावून हाताने तण काढायची वेळ आली. आपल्याकडे २०१९ साली अकोला जिल्ह्यात शेतकऱ्यांनी मान्यता नसलेलं तसलंच कापूस बियाणं उघडपणे पेरलं. खुरपणीचा भार किती असह्य झाला आहे, ते त्यावरून सरकारला कळायला हवं. शेतकऱ्याला नवं तंत्र मिळालंच पाहिजे. पण ते हातात आलं तरी कोळपं माळ्यावर टाकून चालणार नाही, हे अमेरिकेच्या शेतकऱ्याने आपल्या आधी पैसे मोजून शिकून ठेवलंय.

गाजरगवताचंही बघा. १९५५ साली पुण्यात ते पहिल्यांदा नोंदलं गेलं, आज एकही बांध सुटलेला नाही. त्याला खाणारे मेक्सिकन भुंगेरे १९८४ पासून आपल्या देशात सोडले. पावसाळ्यात ते झाड साफ करतात, पण थंडी-उन्हाळ्यात जमिनीत दडून बसतात. तेवढ्या काळात ओलिताच्या बांधावर गाजरगवत फुलतंच. तिथं हातच लावावा लागतो.

मग करायचं काय? ज्या त्या वेळी ज्याचं त्याचं काम

सगळे उपाय एकदम करायचे नाहीत. एकामागून एक असे लावायचे की आधीच्या कामाने पुढचं काम हलकं व्हावं.

पहिलं काम उन्हाळ्यात. भाजीपाल्याचं रान खोल नांगरून ढेकळं तशीच तापू द्या. हरळी, कुंदा, लव्हाळ्याच्या गाठी उघड्या पडतात, त्या वेचून बांधाबाहेर नेऊन जाळा. या रानात रोटाव्हेटर आधी घालू नका. हरळी वेचून झाल्यावर घाला.

दुसरं खताचं. कच्चं शेणखत म्हणजे तणाच्या बियांचं पोतं. खत चांगलं कुजलं, ढिगात हात धरवत नाही इतकी उष्णता तयार झाली, की बरंचसं बी मरतं. मेंढ्या बसवल्या तर त्या रानात लगेच कांदा घेऊ नका, मध्ये एक कोळप्याचं पीक घ्या.

तिसरं रोपवाटिकेचं. एप्रिल-मे महिन्यात वाफे भिजवून त्यावर पारदर्शक पातळ प्लास्टिक ताणून कडा मातीने बुजवायच्या आणि चार ते सहा आठवडे तसंच ठेवायचं. प्लास्टिक पारदर्शकच हवं, काळं नको, कारण ऊन आत जायला हवं. आपल्याकडच्या उन्हाने वरच्या थरातलं तणाचं बहुतेक बी भाजून निघतं. नंतर त्या वाफ्याची माती खोल हलवू नका. लव्हाळा मात्र याने जात नाही, म्हणून लव्हाळ्याच्या जागी रोपवाटिका करूच नका.

चौथं काम लागवडीआधी, आणि हेच सगळ्यात स्वस्त. रान तयार झालं की लगेच लागवड न करता एक पाणी द्या. आठ-दहा दिवसांत तण हिरवंगार उगवेल. वाफसा आला की कुळवाची उथळ पाळी घालून ते मारा आणि मग लागवड करा. उथळ म्हणतो, कारण खोल गेलात तर खालचं नवं बी वर येईल. ज्याच्याकडे पाणी मोजकं आहे त्याने हे काम पहिल्या पावसावर करावं.

पाचवं तणनाशक. कांद्याला पेंडीमिथॅलीन किंवा ऑक्सिफ्लोरफेन लागवडीच्या वेळी, तण उगवण्याआधी, ओलसर रानावर. तीस टक्के पेंडीमिथॅलीनची मात्रा साधारण एकरी १.३ लिटर पडते. आता हिशेब लक्षात ठेवा. एकराला २०० लिटर पाणी लागलं तर पंधरा लिटरचे १३ पंप होतात, म्हणजे पंपाला १०० मिली. पण आधी नुसतं पाणी भरून तुमच्या चालीने एकराला किती पंप लागतात ते मोजा. डब्यावरचं लेबल वाचा. तुमच्या पिकाचं नाव त्यावर नसेल तर मारू नका. नोझल पंख्याच्या फवाऱ्याचं वापरा, आणि मागे सरकत फवारा, म्हणजे थर पायाखाली तुटत नाही. मेट्रिब्युझिन टोमॅटोला सोसतं, मिरचीला नाही. शंका आली तर तुळजापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात विचारा, नुसत्या दुकानदाराला नको. जुन्या पुस्तकांत अलाक्लोरचं नाव दिसेल, त्याला २०२० च्या अखेरीपासून देशात बंदी आहे. ग्लायफोसेटच्या लेबलवर चहाचे मळे आणि बिगरपिकाची जागा एवढंच लिहिलेलं होतं, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने त्याच्या वापरावर निर्बंध घालणारी अधिसूचना काढली. पॅराक्वाट पोटात गेलं तर त्याला उतारा नाही, ते घरात ठेवू नका.

सहावं, तीस-पस्तीस दिवसांनी एक खुरपणी. ओळीत लावलेल्या पिकात सायकलच्या चाकाचं हातकोळपं चालवा आणि खुरपं फक्त रोपाच्या बुडाशी लावा. टोमॅटो-मिरचीत ठिबक असेल तर दोन ओळींमधली जागा कोरडी राहते, तिथं सोयाबीनचं भुसकट किंवा उसाचं पाचट अंथरा.

सातवं, जे तण उरलं ते बी धरायच्या आत उपटा. पिकाला आता त्याचा त्रास नाही म्हणून सोडून देतो, तिथंच पुढच्या सालची खुरपणी पेरली जाते. बांधावरचं गाजरगवतही फुलायच्या आत, हातमोजे घालून. २००६ नंतर कापसावर आलेला पिठ्या ढेकूण याच गाजरगवतावर पोसला जात होता, हे कापूसवाल्यांनी विसरू नये.

कापूस-ज्वारीवाल्यांनी जपायच्या गोष्टी

ज्वारीत रुंद पानांच्या तणावर २,४-डी मारतात. त्याचा वारा शेजारच्या कापसाला लागला की कापसाची पानं भेंडीच्या पानासारखी चिरतात, टोमॅटोचे शेंडे वळतात. ज्या पंपाने २,४-डी मारलं तो पंप कापसाला आणि भाजीला कधीच लावू नका. वारा असेल त्या दिवशी फवारू नका. यावरून भावाभावांत, बांधाबांधाला भांडणं लागतात.

ज्वारी-मक्यात मारलेलं ॲट्राझिन आणि सोयाबीनमधलं इमॅझेथापायर जमिनीत महिनोन्‌महिने राहतं. खरिपात ते मारलं आणि रब्बीत त्याच रानात कांदा घेतला तर रोप बसून राहतं, आणि आपण रोपवाल्याला दोष देतो. कोणत्या रानात काय मारलं ते वहीत लिहून ठेवा.

आणि एक चांगली गोष्ट. ज्वारीचं रक्त पिणारा टारफुला सगळ्यांना माहीत आहे. त्याचं बी आश्रय देणाऱ्या मुळाचा वास लागल्याशिवाय उगवत नाही. बी जागं करणारा तो पदार्थ शास्त्रज्ञांनी १९६६ साली प्रथम वेगळा केला, तो कापसाच्या मुळांतून. कापूस टारफुल्याला उठवतो, पण खाऊ घालत नाही, म्हणून तो उगवून मरतो. म्हणजे ज्वारीनंतर कापूस ही आपली फेरपालटच टारफुल्यावरचं औषध आहे, बिनपैशाचं.

हिशेब

आता आकडे. हे धरलेले आकडे आहेत, तुम्ही आपल्या वहीतले घाला. समजा एकर कांद्याला तीन खुरपण्या, प्रत्येकी २० बाया, म्हणजे ६० रोज. ३०० रुपये रोजाने १८,००० रुपये. जोडून काम केलं तर एक खुरपणी १५ रोजांची आणि शेवटची उपटणी ६ रोजांची. २१ रोजांचे ६,३००, तणनाशक व फवारणी १,५००, जादा पाळीचे १,०००. एकूण ८,८००. वाचले ९,२००. कांदा ८० क्विंटल निघाला तर क्विंटलमागे ११५ रुपये.

कोणी म्हणेल, यात बायांचा रोजगार गेला. आमचं म्हणणं, रोज कमी करून पैसे वाचवू नका, वाया जाणारं काम कमी करून वाचवा. वेळेवर पंधरा बाया लागत असतील तर त्यांना पूर्ण आणि रोखीत मजुरी द्या. आणि घरची बाई वाकून खुरपते तिचे दिवस त्याच दराने वहीत मांडा. ती फुकट राबते असं धरलं, की सरकारही आपला उत्पादनखर्च तसाच खोटा धरतं.

क्विंटलमागचे हे ११५ रुपये आपल्या हातात आहेत. पुढचं नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क बसलं, डिसेंबरात निर्यातबंदी आली, ती मे २०२४ मध्ये उठली आणि शुल्क १ एप्रिल २०२५ ला पूर्ण गेलं. सोलापूरच्या बाजारात गाडी उभी असताना सरकारच्या एका सहीने जे जातं ते खुरप्याने परत येत नाही. त्यासाठी रस्त्यावरची लढाई वेगळी आहे आणि ती चालूच राहील. पण त्या लढाईत खर्च विचारला जाईल तेव्हा आपल्याकडे लिहिलेली वही पाहिजे.

म्हणून या बैठकीतून जाताना प्रत्येक गावाने तीन कामं घ्यावीत. एक, उन्हाळ्यात हरळी-लव्हाळा वेचण्यासाठी सावड करावी. दोन, गावात तणनाशकाचा एक स्वतंत्र पंप असावा, त्याला लाल रंग लावावा. तीन, या हंगामात किमान पाच घरांनी खुरपणीचा एकेक रोज, घरचा आणि बाहेरचा, लिहून पुढच्या बैठकीला आणावा. त्या वह्या जोडून आपण जिल्ह्याचा कांद्याचा खर्च मांडू. तो आकडा आपला असेल, आणि कोणत्याही कचेरीत तो टेबलावर ठेवून आपल्याला बोलता येईल.