चुगली नव्हे, नागरिकधर्म

(महाबळेश्वर येथे नागरिक व कार्यकर्ते यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)



क्षेत्र महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या नद्यांचे उगम आपण पूजतो. येथे गोमुखातून पडणारे पाणी पुढे वाई, कऱ्हाड, सांगली करत थेट बंगालच्या उपसागराला मिळते. अशा पुण्यभूमीवर राहणाऱ्यांची जबाबदारी इतर गावांपेक्षा अधिक आहे. हंगामात येथे लोटणाऱ्या प्रवाशांचे पाणी, कचरा, सांडपाणी, रस्ते आणि दिवे हा सारा भार गिरिस्थान नगरपरिषदेला वाहावा लागतो आणि त्यासाठी लागणारा पैसा घरपट्टी, पाणीपट्टी, प्रवासी कर यांतून व शासकीय अनुदानातून उभा राहतो. ज्याने द्यायचे त्याने दिले नाही, तर ती तूट बाजारपेठेतला लहान दुकानदार आणि दोन खोल्यांत राहणारा नोकरदार भरून काढतो.

कर चुकविला जात आहे, हे आपल्याला ठाऊक असेल तर काय करावे, हा आजचा विषय आहे. आपल्याकडे यावर ठरलेले उत्तर असते, "आपल्याला काय करायचे आहे?" सांगायला गेलेला माणूस चुगलखोर ठरतो. ही समजूत आधी तपासून पाहू.

कौटिल्याची व्यवस्था

आपल्या परंपरेत या प्रश्नाचा विचार फार पूर्वी झालेला आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजधन हडप करण्याचे 40 प्रकार सांगितले आहेत. त्याच प्रकरणात अपहाराची माहिती देणाऱ्या 'सूचका'साठी नियम आहे. माहिती खरी ठरली तर सूचकाला त्या रकमेचा सहावा हिस्सा मिळावा. तो चाकरीतला मनुष्य असेल तर बारावा. आरोप सिद्ध झाला नाही तर मात्र सूचकालाच दंड.

या नियमाच्या दोन्ही बाजू एकत्र वाचल्या पाहिजेत. सांगणाऱ्याचा मान राखावा, त्याच वेळी बेजबाबदारपणे सांगणाऱ्याला आवर घालावा, अशी ही समतोल दृष्टी आहे. आज केंद्र सरकारच्या 2018 च्या योजनेनुसार प्राप्तिकर चुकविणाऱ्याची ठोस माहिती देणाऱ्यास 50 लाख रुपयांपर्यंत, तर बेनामी व्यवहाराची माहिती देणाऱ्यास 1 कोटी रुपयांपर्यंत बक्षीस मिळू शकते. कल्पना नवी नाही. ती आपलीच आहे. परंतु बक्षिसाच्या आशेने सांगणे आणि कर्तव्य म्हणून सांगणे यांत अंतर आहे. मी दुसऱ्याविषयी बोलणार आहे.

चोरी होते कशी?

घरपट्टी ही इमारतीच्या करयोग्य मूल्यावर आकारली जाते. वापर निवासी की व्यापारी, यावर आकारणी बदलते. बंगला कागदोपत्री 'स्वतःच्या निवासासाठी' असतो, प्रत्यक्षात तेथे रोज नवे प्रवासी उतरतात. वीजजोडणी घरगुती, नळजोडणी घरगुती आणि प्रवाशाकडून घेतलेल्या पैशाला पक्के बिल नाही. एकाच खोट्या नोंदीतून घरपट्टी, पाणीपट्टी, वीजदर, जीएसटी आणि प्राप्तिकर अशा पाच ठिकाणी तूट पडते. येथील काही जुने बंगले शासकीय जमिनीवर भाडेपट्ट्याने आहेत. तेथे पट्ट्याच्या अटीविरुद्ध व्यापार होत असेल तर शासनाचीही फसवणूक होते.

सवलतींचा गैरवापर हा दुसरा प्रकार. राज्य शासनाने 2020 साली सर्व माजी सैनिकांना आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका राहत्या घराच्या मालमत्ता करातून सूट दिली. सातारा हा सैनिकांचा जिल्हा. याच जिल्ह्यातील अपशिंगे गावाने पहिल्या महायुद्धात 46 जवान गमावले. त्या परंपरेच्या सन्मानासाठी दिलेली सूट कोणी भाड्याने दिलेल्या घरावर लाटत असेल, तर तो शासनाबरोबर सैनिकाचाही अपराधी आहे. ब्रिटनमध्ये घरात एकच प्रौढ व्यक्ती राहत असेल तर स्थानिक करात 25 टक्के सूट असते. खोटे सांगून ती घेणाऱ्यांविषयी तेथील स्थानिक परिषदा नागरिकांकडून माहिती मागवतात, आणि ती देण्यात तेथे कोणाला कमीपणा वाटत नाही.

आधी खातरजमा

परंतु संशय म्हणजे पुरावा नव्हे. एक हिशोब करून पाहू. एखाद्याने घरातील दोन खोल्या दिवसाला 2,000 रुपयांप्रमाणे वर्षातून 150 दिवस दिल्या, तर उलाढाल 6 लाख रुपये होते. सेवा व्यवसायासाठी जीएसटी नोंदणीची मर्यादा 20 लाख रुपयांची आहे. या गृहस्थाने जीएसटीचे बिल दिले नाही, तर त्याने काहीही चोरलेले नाही. दुसऱ्याने सहा खोल्या 3,000 रुपयांप्रमाणे तेवढेच दिवस दिल्या, तर उलाढाल 27 लाख रुपये होते. त्याने नोंदणी केलीच पाहिजे. 22 सप्टेंबर 2025 पासून 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर 5 टक्के कर आहे. म्हणजे त्याच्याकडून वर्षाला 1 लाख 35 हजार रुपये सरकारात जमा व्हायला हवेत.

तसेच पर्यटन विभागाच्या 'न्याहारी व निवास' योजनेत नोंदलेल्या घरांना काही सवलती असतात. पाट्या आणि गाड्या पाहून तक्रार करणारा माणूस एखाद्या विधवा भगिनीच्या प्रामाणिक उपजीविकेवर घाव घालू शकतो. म्हणून आधी नोंदी पाहाव्यात. नगरपरिषदेची कर आकारणी यादी नागरिकांना पाहण्यासाठी खुली असते. दर चार वर्षांनी फेरआकारणी होते, तेव्हा ती प्रसिद्ध करून हरकती मागविल्या जातात. आपल्यापैकी किती जणांनी ती यादी आजवर उघडून पाहिली आहे?

आपला आणि परका

आता एक कटू गोष्ट. तक्रार करताना आपण बहुधा माणूस पाहतो. विरोधी पक्षाचा, भाऊबंदकीतला, दुसऱ्या समाजाचा असेल तर आपली नागरिकबुद्धी तत्काळ जागी होते. पण कर चुकविणारा आपल्याच कार्यक्रमाला सभागृह देणारा, आपल्या उत्सवाची पावती फाडणारा असेल तर आपणच म्हणतो, "माणूस चांगला आहे हो."

ही निवडक जागृती म्हणजे देशभक्ती नव्हे. या जिल्ह्यातील माहुलीच्या रामशास्त्री प्रभुण्यांनी नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल प्रत्यक्ष राघोबादादांना दोषी ठरविले, तेव्हा समोरचा माणूस सत्ताधीश आहे आणि आपलाच धनी आहे, याचा विचार केला नाही. त्या न्यायबुद्धीचा वारसा आपण सांगतो, तर मोजमापही तेच हवे. देणगीदाराला आधी भेटून स्पष्ट सांगावे, "नोंदी दुरुस्त करा, थकबाकी भरा." त्याने ऐकले तर एक कुटुंब सन्मार्गाला लागले. नाही ऐकले, तर त्याची देणगीही नको आणि आपले मौनही नको. त्याहीआधी आपल्या स्वतःच्या घराची आकारणी तपासावी. वाढवलेली खोली, भाड्याने दिलेला गाळा नोंदीत आहे का, ते पाहावे. संघाच्या शताब्दीनिमित्त मांडलेल्या पंच परिवर्तनात नागरिक कर्तव्याचा समावेश आहे. त्याचा आरंभ घरपट्टीच्या पावतीपासून करता येईल.

एका नागरिकाचे बळ

एकट्याने काय होणार, असे वाटते. याच तालुक्यातील झाडाणीचे उदाहरण घ्या. कांदाटी खोऱ्यातील या गावात जीएसटी विभागातील एका मुख्य आयुक्तांसह काही जणांनी सुमारे 620 एकर जमीन घेतल्याची तक्रार साताऱ्याचे सामाजिक कार्यकर्ते सुशांत मोरे यांनी मे 2024 मध्ये मांडली. जिल्हा प्रशासनाने कमाल जमीनधारणा कायद्याखाली नोटिसा काढून सुनावणी सुरू केली. राष्ट्रीय हरित लवादाने बातमीवरून स्वतःहून दखल घेतली. तक्रार म्हणजे निवाडा नव्हे. दोष ठरविण्याचे काम त्या त्या यंत्रणेचे आहे. पण एका नागरिकाने कागद हातात घेऊन विचारले, म्हणून यंत्रणा हलली.

यात धोका नाही, असे मी म्हणणार नाही. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमीन गैरव्यवहार उघड करत होते. 13 जानेवारी 2010 रोजी त्यांची हत्या झाली. माहिती देणाऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा संसदेने 2014 साली केला, पण तो लागू करणारी अधिसूचना वर्षानुवर्षे निघाली नाही. म्हणून एकट्याने शौर्य दाखविण्यापेक्षा दहा-बारा नागरिकांनी मिळून सही करावी. समाज पाठीशी उभा असला की धमकी देणाऱ्याचा आवाज खाली येतो.

पद्धत

स्थानिक कराची तक्रार नगरपरिषदेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी द्यावी आणि आवक क्रमांकासह पोच घ्यावी. मालमत्ता क्रमांक, पाहिलेला वापर, तारखा एवढेच लिहावे. विशेषणे लिहू नयेत. कार्यवाही झाली नाही तर माहिती अधिकार कायदा 2005 अन्वये अर्ज करावा. 30 दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. मात्र या अर्जाने दुसऱ्याचे प्राप्तिकर विवरणपत्र मागू नये. ती वैयक्तिक माहिती आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली गिरीश देशपांडे प्रकरणात सांगितले आहे. पुढची पायरी जिल्हाधिकारी. प्राप्तिकर व बेनामी मालमत्तेसाठी प्राप्तिकर विभागाच्या संकेतस्थळावर 12 जानेवारी 2021 पासून तक्रारीची सोय आहे. तेथे मिळणाऱ्या क्रमांकावरून तक्रारीची स्थिती कळते. आकारणी कमी दाखविण्यासाठी कोणी कर्मचारी लाच मागत असेल, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा 1064 हा क्रमांक आहे.

तक्रार दिल्यावर तिची चर्चा चहाच्या टपरीवर करू नये. चौकशी होईपर्यंत त्या कुटुंबाची अब्रू ही आपल्याकडची ठेव आहे. त्यांची मुले आपल्या मुलांबरोबर शाळेत जातात, हे विसरू नये. चुगली कानात सांगितली जाते आणि तिला सही नसते. नागरिकाची तक्रार योग्य कार्यालयात, स्वतःच्या नावाने आणि पुराव्यानिशी दिली जाते.

बिंदुमाधव जोशींनी 1974 साली पुण्यात ग्राहक पंचायत सुरू केली, तेव्हा दुकानदाराकडे पावती मागणे अनेकांना संकोचाचे वाटे. आज ते सहज झाले आहे. तसेच हेही होईल. येत्या आठवड्यात प्रत्येकाने दोन कामे करावीत. आपली घरपट्टीची पावती काढून तीवरील वापराची नोंद खरी आहे का ते पाहावे आणि नगरपरिषदेत जाऊन आपल्या प्रभागाची आकारणी यादी वाचावी. तिसरे काम करायचे की नाही, ते ती यादीच सांगेल.

भारतमाता की जय!